गोंगाट थांबवणारा हेडफोन : सौद्याआधी दोन गोष्टी

पिंपरीच्या शगुन चौकापासून चाकणच्या बाजारपेठेपर्यंत मोबाईलच्या दुकानांत सध्या एका मालाला मोठी मागणी आहे. हा माल म्हणजे बिनतारी हेडफोन, आणि त्यातही ज्याच्या डब्यावर ‘नॉईज कॅन्सलिंग’ असे छापलेले असते तो. काही वर्षांपूर्वी ही चीज वीस-पंचवीस हजारांची होती. आता दीड-दोन हजारांत मिळते. भोसरीच्या प्रेस शॉपमधला किंवा तळवड्याच्या फॅब्रिकेशन शेडमधला मुलगा पगार हाती पडला की ती घेतो आणि कानाला लावून मशीनवर उभा राहतो. आता आपले कान सुरक्षित झाले, असे त्याला वाटते. आमची चिंता नेमकी येथे आहे.

आमचा धंदा कापडाचा. पण माल पारखण्याची रीत सर्व धंद्यांत एकच असते. लेबल वाचावे, पण भरवसा बोटांवर ठेवावा. म्हणून हा माल काय आहे, ते आधी समजून घेऊ.

आवाज ही हवेतली लाट आहे. तिच्यावर बरोबर उलटी लाट सोडली तर दोन्ही एकमेकींना मारतात. या कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ साली अमेरिकेत मिळाले. बंगाली पित्याचे पुत्र असलेले अमर बोस यांनी १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने त्रासून तिच्यावर काम सुरू केले, आणि १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला. म्हणजे हे यंत्र जन्मले ते एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीसाठी. पंखा, बसचे इंजिन, एसी यांचा आवाज ते चांगला कमी करते. प्रेसचा ठोका, हातोड्याचा घाव, ग्राइंडरची किंचाळी आणि माणसाचे बोलणे मात्र त्याला फारसे आवरत नाही.

आता डब्यावरील अक्षरे पाहा. काही डब्यांवर ‘एएनसी’ असते, तर पुष्कळ स्वस्त डब्यांवर ‘ईएनसी’. एका अक्षराचा फरक, पण माल वेगळा. एएनसी तुमच्या कानात येणारा गोंगाट कमी करते. ईएनसी फक्त माईकचे काम करते. तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्याला तुमच्या मागचा कलकलाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानाला तिचा काडीचाही फायदा नाही. टेरिकॉट दाखवून सुती म्हणून विकण्यासारखा हा प्रकार आहे. ‘३२ डेसिबलपर्यंत’ या आकड्यात ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. तो आकडा सर्वांत अनुकूल पट्टीवरचा असतो, सगळ्या आवाजांचा नव्हे. ‘४० तास बॅटरी’ यातही बहुधा डबीतले चार्जिंग धरलेले आणि एएनसी बंद ठेवलेली असते.

मग पारख कशी करावी? दुकानातच कानात नीट बसवा, गाणे लावू नका. पंख्याखाली किंवा चालू जनरेटरजवळ उभे राहून एएनसी चालू-बंद करा. घरघर स्पष्ट कमी झाली तर माल खरा. रबरी टोपणे दोन-तीन मापांची बदलून पाहा. ढिले बसले तर महागडा हेडफोनही निकामी. रस्त्यावर उभे राहून व्हॉट्सअॅपवर आवाज टिपा व ऐका, म्हणजे माईक कळेल. डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष व तक्रारीचा क्रमांक हवा. पक्के बिल घ्या. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

हा माल घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. पिंपरीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, लोणावळा लोकलमध्ये, रात्रपाळीनंतर दिवसा झोपताना तो उपयोगी आहे. घरघर कमी झाली की आवाजही वाढवावा लागत नाही, हा कानाचा फायदाच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा सांगते.

पण कारखान्यात हिशेब वेगळा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांत ८ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा होती आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा त्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर उमर घालवलेले बुजुर्ग आपण पाहिले आहेत. घरातही ते ओरडूनच बोलतात, आणि नातवंडांचे बोलणे त्यांना दोनदा विचारावे लागते. गेलेले कान परत येत नाहीत.

कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा हेडफोन बरा. परंतु त्यावर गाणे लागले की गोंगाटात आणखी आवाजाची भर पडते आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. कानाच्या रक्षणासाठी इअर प्लग आणि इअर मफ आहेत. त्यांच्यासाठी आयएस ९१६७ हे भारतीय मानक आहे. फोमच्या प्लगची जोडी चहा-वड्याच्या पैशांत येते. हा खर्च कामगाराचा नाही, शेडच्या मालकाचा आहे. आपले जे बांधव चार-सहा मुले कामाला ठेवून शेड चालवतात, त्यांनी हे विसरू नये. ती मुले त्यांच्याकडे अमानत आहेत.

दुकानदार बांधवांनाही एक विनंती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ईएनसीला एएनसी म्हणून विकणे आणि ‘मशीनवर लाव, कान वाचतील’ असे सांगणे ही तीच ओल झाकणे आहे. गिऱ्हाईकाला मालाचा ऐब सांगितला तर एखादा सौदा जाईल, पण तेच गिऱ्हाईक दहा जणांना घेऊन येईल. हेडफोनच्या शेजारी इअर प्लगचा डबाही ठेवावा. त्यात नफा थोडा आहे, पण बरकत आहे.