कामाची गोष्ट : ‘आवुं ज बनावी आप ने!’



आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आता सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. सुरतेत हे काम करणाऱ्याला एक वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. शेठ परदेशी सॉफ्टवेअर दाखवतात आणि म्हणतात, "बहु मोंघुं पडे छे. आवुं ज बनावी आप ने!" मग दोन प्रश्न पडतात. असं बनवणं कायद्यात बसतं का? आणि बनवलंच, तर त्यात कमाई आहे का?

हिऱ्याचंच उदाहरण घेऊ. कच्चा हिरा कुठून कापायचा, डाग कसा टाळायचा, एक मोठा नग काढायचा की दोन लहान, हे पूर्वी अनुभवी मार्कर भिंगातून पाहून ठरवायचा. आता स्कॅनर हिऱ्याचं त्रिमितीय चित्र तयार करतो आणि सॉफ्टवेअर जास्तीत जास्त किमतीचा प्लॅन सुचवतं. इस्रायलच्या सरीन कंपनीचं ‘ॲडव्हायझर’ हे त्यातलं नावाजलेलं. त्याच्या कॉपीराइटवरून सुरतेत दावा लागला आणि त्यातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. म्हणजे हा विषय आपल्या दारातलाच आहे.

तज्ज्ञाचा निर्णय यंत्राकडे देण्याची कल्पना तशी जुनी. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ तयार झालं. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं औषध द्यावं, हे ते सुमारे 600 नियमांवरून सुचवायचं. पुढे त्याच लोकांनी वैद्यकीय नियम बाजूला काढले आणि नुसता सांगाडा ठेवला. त्यात दुसऱ्या विषयाचे नियम भरले की नवी एक्सपर्ट सिस्टिम तयार! नियम चालवणारं इंजिन वेगळं आणि त्यात भरलेलं ज्ञान वेगळं, हे तेव्हाच स्पष्ट झालं. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

आधी कायदा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम हे साहित्यकृतीसारखं धरलं जातं. संरक्षण असतं ते लिहिलेल्या कोडला, कल्पनेला नाही. ‘डाग मधोमध असेल तर दोन नग काढा’ हा नियम कुणाच्या मालकीचा होत नाही. शिवाय कलम 52 प्रमाणे, कायदेशीर घेतलेलं सॉफ्टवेअर वापरताना ते कसं चालतं हे पाहून, तपासून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला मुभा आहे. पण कोड उचलणं, मॅन्युअलमधला मजकूर किंवा चित्रं जशीच्या तशी घेणं आणि लॉक तोडलेली प्रत वापरणं यांना मुभा नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम 63ब खाली 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

कॉपीराइटमधून सुटलं म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही. ‘सॅस’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर ब्रिटनच्या वर्ल्ड प्रोग्रॅमिंग कंपनीनं स्वतः नव्यानं लिहिलं. 2012 मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की प्रोग्रॅम जे काम करतो त्या कामावर कॉपीराइट नसतो. पण 2015 मध्ये अमेरिकेत याच कंपनीवर सुमारे 7.9 कोटी डॉलरची भरपाई बसली. कारण काय, तर सॅसची प्रत घेताना मान्य केलेल्या लायसन्सच्या अटी मोडल्या. आपण न वाचता ‘आय ॲग्री’ दाबतो ना, त्याच त्या अटी! हिऱ्याच्या मशिनांच्या बाबतीत पेटंटही पाहावं लागतं. नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पण यंत्राला आणि त्याच्या पद्धतीला मिळू शकतं.

आता कमाई. नुसतं इंजिन नव्यानं लिहून विकायचं असेल तर अवघड आहे. अमेरिकेच्या नासानं 1985 मध्ये ‘क्लिप्स’ लिहिलं, ते मुळात महागड्या तयार साधनांना पर्याय म्हणूनच. आज ते कुणालाही फुकट मिळतं. ‘ड्रूल्स’ही तसंच. मुंबईत एनसीएसटीनंही ‘विद्वान’ नावाचं असं साधन बनवलं होतं. जे फुकट मिळतं त्याचे शेठ किती देणार?

पैसे आहेत ते ज्ञानात आणि सेवेत. लूम कशामुळे बंद पडला, डाईंगमध्ये रंग का फाटला, हे उधना-पांडेसऱ्यातल्या जुन्या मिस्त्रीला जेवढं कळतं तेवढं कोणत्या परदेशी सॉफ्टवेअरला कळणार? ते नियमांत बसवलं, गुजराती, हिंदी, मराठीत दिलं आणि रात्रपाळीला फोन उचलला, तर गिऱ्हाईक टिकतं. मात्र त्या मिस्त्रीच्या डोक्यातल्या अनुभवाला कॉपीराइट नाही. त्यानं 30 वर्षांचं शिकलेलं सांगावं, आपण ते विकावं आणि त्याचं काम मात्र जावं, हे कायद्यात बसेल. मनाला पटणार नाही. त्याच्या वेळेचे पैसे आणि विक्रीतला वाटा आधीच कागदावर लिहा.

तुमच्यासाठीही कागद हवाच. नोकरीत लिहिलेला कोड साधारणपणे मालकाचा. बाहेरचं काम म्हणून लिहिलात तर लेखी हस्तांतर केल्याशिवाय हक्क तुमच्याकडेच राहतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जुन्या नोकरीतली एकही फाईल सोबत आणू नका. रोजच्या कामाच्या तारखेसह नोंदी ठेवा. उद्या वाद झाला तर ‘हे आम्हीच लिहिलं’ याचा तोच पुरावा. सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा. त्याची फी कोर्टाच्या फेऱ्यांपेक्षा नक्कीच कमी पडेल.

तेव्हा शेठनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तर लगेच ‘हो’ म्हणू नका आणि घाबरून ‘नाही’ही म्हणू नका. "आवुं ज नहीं, आपणा कामनुं बनावीए," असं सांगा आणि कारखान्यात नेमकं कुठे अडतं ते विचारायला सुरुवात करा.