ठिणग्या रीलमध्येच बऱ्या!

घरी टेबलाचा स्टँड, सायकलचं कॅरियर असलं काही बनवायचं ठरलं की आपण आधी काय शोधतो? ग्राइंडर! रीलमध्ये ठिणग्या उडताना भारी दिसतात ना. पण फ्लॅटच्या बाल्कनीत त्याच ठिणग्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. कटिंगचं चाक फुटलं तर तुकडे थेट तोंडावर.

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी साध्या हॅक्सॉची करा. फ्रेम एकदाच घ्यायची, खरा खेळ ब्लेडचा. इंचाला १८, २४, ३२ दाते अशी ब्लेड्स मिळतात. जाड सळईला १८, नेहमीच्या कामाला २४, पातळ पाइपला ३२. कापताना निदान तीन दाते धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर ते अडकून तुटतात. दात्यांची तोंडं पुढच्या दिशेला, पाइप व्हाइसमध्ये घट्ट. (नुसतं ‘ब्लेड द्या’ म्हणालात तर हाताला येईल ते मिळेल.)

हाताने वेळ लागतो, मान्य. पण चार-सहा काप असतील तर चालतंय की! सतत फ्रेम बनवणाऱ्या गो-कार्ट टीमने मात्र वर्गणी काढून बँडसॉ घ्यावा. महाग आहे, पण हळू चालतो, ठिणग्या जवळपास नाहीतच आणि काप स्वच्छ.

आणि चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी चाक लावायचा तो जुगाड? ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. दाता अडकला की मशीन हातातून उसळतं. त्यात गार्डही काढलेलं असेल तर मित्राने फुकट वापरायला दिलं तरी घेऊ नका.