मिलिंदाचा प्रश्न आणि परीक्षेचा पेपर



पाली घेऊन बी.ए. झालेली जुनी मंडळी जळगाव-धुळ्याकडे आजही भेटतात. 'मिलिंदपञ्ह' म्हटले की त्यांना आधी पेपरातला प्रश्न आठवतो : 'रथाचा दृष्टांत स्पष्ट करा.' आम्ही पडलो बी.कॉम.; जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य गेले. पण विहारात मुलांचा अभ्यास घेता घेता हा ग्रंथ आमच्याही हाती आला.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भदंत नागसेन यांचा हा संवाद. नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? एकही नव्हे. सारे भाग जुळले की आपण त्याला रथ म्हणतो. माणसाचेही तसेच, आत वेगळा आत्मा बसलेला नाही.

पूर्वी हा ग्रंथ अभ्यासणे सोपे नव्हते. ट्रेंकनर यांची १८८० ची छापील प्रत रोमन लिपीत होती. पाली शिकायला धर्मानंद कोसंबींना सिलोन गाठावे लागले. १९१२ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. मिलिंदपञ्हाची वाडेकरांनी संपादित केलेली देवनागरी प्रत मुंबई विद्यापीठाने १९४० मध्ये काढली. खानदेशच्या मुलांची परीक्षा आधी मुंबई विद्यापीठाची, १९४९ नंतर पुण्याची. जळगावला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९९० मध्ये.

बाबासाहेबांना तर शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला, आणि औरंगाबादच्या कॉलेजला नाव दिले 'मिलिंद'. जिंकणाऱ्या राजाचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्या राजाचे!

आणि आज काय चालले आहे? आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीने तिच्या क्लासमध्ये विचारले, 'आत्माच नाही, तर पुनर्जन्म कोणाचा?' उत्तर मिळाले, 'हे पेपरात येत नाही, खाली बस.' अहो, हा तर खुद्द मिलिंदाचा प्रश्न! नागसेनांनी त्याला खाली बसवले नाही. एका दिव्यावरून दुसरा दिवा पेटतो, तेव्हा पहिल्यातून दुसऱ्यात काही उडून जाते काय, असे त्यांनी राजालाच विचारले. गाईडमधल्या चार ओळी पाठ करून मार्क पडतील, पण असे विचारायची सवय लागणार नाही.

वादाला बसण्यापूर्वी नागसेनांनी अट घातली होती : पंडितासारखे बोलणार असाल तर बसतो, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडित हरला तरी रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतो. मिलिंदाने अट मान्य केली. ही अट आम्हांला रथाइतकीच मोलाची वाटते. कारण घरोघरी राजे आपणच असतो. पोराने उलट प्रश्न केला की आपला पहिला शब्द असतो, 'गप्प बस!'

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण वर्गात मुले नसतील तर दर्जा कपाटातच राहील. मुलामुलींना पाली जरूर घेऊ द्या. आणि रविवारी विहारात मिलिंदाचा एक प्रश्न वाचून मुलांना आधी बोलू द्या. आपण मोठ्यांनी नंतर बोलावे.