गाठ साधी, पण कोणती?

हाडात गाठ दिसली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?' 'नाही, साधी गाठ आहे,' असं ऐकलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल कपाटात जाते. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून माझा आक्षेप नेमका इथे आहे. कॅन्सर नसलेल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

सर्वांत जास्त आढळते ती ऑस्टिओकॉन्ड्रोमा. गुडघ्याजवळ हाताला लागणारा टणक उंचवटा, त्यावर कूर्चेचा थर. उंची वाढायची थांबली की तीही थांबते. दुखत नसेल, नस दाबत नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. मोठ्या वयात ती पुन्हा वाढू लागली, तर मात्र लगेच तपासायला हवी. मुलांमधला नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा पडल्यावर काढलेल्या एक्स-रेत योगायोगानं सापडतो आणि बहुधा आपोआप भरून येतो. त्यासाठी मुलाला टेबलावर घेणं मला मान्य नाही.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं तसं नाही. दहावीतला मुलगा रात्री दोनला नडगी धरून उठून बसतो. आई तेल चोळते. शेजारी म्हणतात, वाढतं वय आहे, अभ्यासाचं टेन्शन आहे. वेदनाशामक गोळी घेतली की थोड्या वेळात त्याला झोप लागते. गोळीनं येणारा हा उतारच निदानाची मोठी खूण आहे, पण त्याबद्दल विचारायला हवं ना! गाठीचा गाभा बहुधा दीड सेंटिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे एक्स-रेत तो निसटतो. सीटी स्कॅनमध्ये सापडतो. सुई घालून उष्णतेनं तो जाळता येतो.

मला खरी धास्ती वाटते ती जायंट सेल ट्यूमरची. वय साधारण वीस ते चाळीस, जागा गुडघ्याजवळ किंवा मनगटात, हाडाच्या अगदी टोकाशी. कॅन्सर नसूनही तो हाड आतून पोखरतो. खरवडून पोकळीत सिमेंट भरलं तरी परत येऊ शकतो. क्वचित फुफ्फुसातही पोचतो, म्हणून छातीचा एक्स-रे काढावा लागतो. मनगट मुरगळलंय असं समजून महिनोन्‌महिने चोळून घेतलेली, सांधा ढासळल्यावर आलेली शेतमजूर बाई समोर बसते, तेव्हा 'साधी गाठ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खुरपं धरणारा हात असतो तो.

म्हणून आम्ही डॉक्टरांनी कागदावर गाठीचं नाव, हाडाचा नेमका भाग आणि पुढच्या एक्स-रेची तारीख लिहून द्यायलाच हवी. शंका असेल तर आधी एमआरआय, मग तपासणीसाठी गाठीचा तुकडा. आणि तो शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानंच काढावा, कारण भलत्या जागी घातलेली सुई पुढचं ऑपरेशन अवघड करते. पेशंटनीही जुनी फिल्म टाकून देऊ नये. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे नव्या फिल्मशेजारी जुनी धरल्याशिवाय मला सांगता येत नाही.