बोअरचे पाणी आणि गाडीचे इंजिन

एप्रिल उजाडला की चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा येथील गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात: ‘गाडी गरम होते.’ तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. आलापल्ली, एटापल्लीकडून पोती भरलेले ट्रक निघतात, घुग्घुसकडे कोळशाची वाहतूक चालूच असते आणि पारा ४६-४७ अंशांवर गेलेला असतो. मिस्त्री रेडिएटर उतरवतो, साफ करतो, पुन्हा बसवतो. मग शागीर्दाला हाक जाते, ‘पाणी भर.’ शागीर्द आवारातल्या बोअरवरून बादली भरून आणतो आणि दिवसभराची मेहनत अक्षरशः पाण्यात जाते.

आपल्या बांधवांपैकी पुष्कळांची रोजी गॅरेज, रेडिएटर दुरुस्ती, स्पेअर पार्ट्‌स आणि ड्रायव्हिंग यांवर चालते. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये. आम्ही तेलाचा ग्रेड विचारतो, फिल्टर असली की नकली ते पाहतो; पाणी मात्र फुकट मिळते म्हणून त्याची चौकशीच करीत नाही. वास्तविक इंजिनात तेलाइतकेच महत्त्व पाण्याला आहे आणि आपल्या भागात तर अधिकच आहे.

याचे कारण आपल्या पायाखाली आहे. राजुरा, कोरपना, गडचांदूर, आवारपूर या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते चुनखडीच्या दगडामुळे. हाच चुना जमिनीतल्या पाण्यात विरघळतो. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तपेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, त्याला आपण जड पाणी म्हणतो. असे पाणी इंजिनात गेले की जिथे सर्वांत जास्त ताप, तिथेच, म्हणजे सिलिंडर हेडच्या आसपास, हा थर प्रथम बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचे उलटे आहे: पाणी तापले की तो बाहेर पडतो. हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. बाहेरून रेडिएटर चकचकीत दिसतो, आत हेड भाजत असते.

गडचिरोलीकडे जमीन वेगळी आहे. तिथला खडक बहुतेक ग्रॅनाइटच्या जातीचा आणि काही भागात लोहखनिजाचा. पण तिथेही बोअर बोअरमध्ये फरक असतो. तांबूस पाणी देणारा हातपंप अनेकांनी पाहिला असेल. तेव्हा ‘जंगलातले पाणी शुद्ध’ हा भरवसा बाळगू नये. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण गाळ असतो.

इथे एक हरकत हमखास घेतली जाते: ‘आम्ही हेच पाणी पितो, मग इंजिनाला काय होते?’ याचे उत्तर आकड्यांत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा ठीक मानला आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यासाठी अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या मानकात ही मर्यादा फक्त १७० आहे. क्लोराइडचा फरक तर याहून मोठा. पिण्यासाठी २५० ठीक, इंजिनासाठी ४०. माणसाला जे पाणी चालते ते ॲल्युमिनियमला चालत नाही.

आता साधा हिशेब करू. पाण्याचा जडपणा ६०० आहे आणि एखाद्या जुन्या ट्रकचे रोज २ लिटर पाणी वाफ होऊन जाते. ड्रायव्हर रोज तेवढेच भरतो. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. १०० दिवसांत २०० लिटर पाणी गेले आणि १२० ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धपाव चुना इंजिनाच्या पोटात राहिला.

पूर्वी हे खपून जात असे. ॲम्बेसेडर, फियाट, जुने टाटाचे ट्रक यांची इंजिने बिडाची, रेडिएटर तांब्या-पितळेचे, नळ्या रुंद. थर बसला तर रॉड मारायचा, गळाले तर सोल्डर करायचे. या कामावर कित्येक कारागिरांची घरे उभी राहिली. आज रेडिएटर ॲल्युमिनियमचा, नळ्या अरुंद, टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यात जुन्या पद्धतीचा रॉड चालत नाही आणि जुने सोल्डर धरत नाही. गिऱ्हाईक सरळ नवीन रेडिएटर आणतो. रेडिएटर कारागिरांचे काम यामुळे घटले आहे. माझ्या मते त्यांनी आता पाणी आणि कूलंट हेच आपले काम करावे: जुने पाणी काढणे, आतून धुणे, योग्य पाणी भरणे, झाकण व होज तपासणे. पितळेशी आयुष्य घालवलेल्या माणसाला हे शिकायला आठवडाही लागणार नाही.

मग भरायचे कोणते पाणी? सर्वांत सोपे उत्तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड किंवा डिमिनरल पाणी. मात्र बॅटरीचे पाणी आणि बॅटरीचे ॲसिड यांचे कॅन एका फळीवर ठेवू नयेत, गफलत महागात पडते. घरच्या आरओ यंत्राचे पाणीही चालू शकते, पण काही यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळलेले असते, म्हणून टीडीएस मीटर लावून पाहावे. हे मीटर स्वस्त मिळते आणि दर गॅरेजमध्ये असावे. आकडा १५० च्या आत असेल तर काळजी नाही. मीटर कूलंट मिसळण्यापूर्वी पाण्यात बुडवावे, नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. आरओची सांडपाण्याची नळी असते, तिचे पाणी मात्र बोअरपेक्षाही वाईट. पाणी उकळल्याने थोडा चुना खाली बसतो, पण क्लोराइड आणि सल्फेट जसेच्या तसे राहतात.

नुसते डिस्टिल्ड पाणी भरून मोकळे होणे हीसुद्धा चूक आहे. गंज रोखण्याचे काम कूलंटमधील औषधे करतात. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?’ असे म्हणणारे उस्ताद आजही भेटतात. कूलंट गंज थांबवते आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवते. निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबाखाली १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळते. जपानी आणि कोरियन पद्धतीच्या अनेक कूलंटमध्ये फॉस्फेट असते. त्यात जड पाणी मिसळले की फॉस्फेट आणि चुना एकत्र येऊन साका धरतो, म्हणजे महागाचे कूलंटही वाया आणि रेडिएटरही. रंग पाहून कूलंट निवडू नये. हिरवा, लाल, निळा हा कंपनीच्या मर्जीचा मामला आहे.

दुकानदारांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घट्ट कूलंट वेगळे आणि तयार मिश्रण वेगळे. तयार मिश्रण घट्ट म्हणून विकणे आणि गिऱ्हाइकाने घरी त्यात पुन्हा पाणी घालणे, हे रोज घडते. लेबल वाचून दाखवायला अर्धा मिनिट लागतो. पाण्याचेही पैसे लावावेत, पण बिलावर लिहून: डिस्टिल्ड पाणी इतके लिटर, इतके रुपये. गिऱ्हाईक प्रथम कुरकुर करील. हेड गॅस्केटच्या कामाचा खर्च शेजारी लिहून दाखवा. गाडी आपल्याकडे अमानत म्हणून आलेली असते, तिच्यात काय भरले हे मालकाला कळले पाहिजे.

रस्त्यात, भामरागडच्या वाटेवर गाडी तापली तर डिस्टिल्ड पाण्याची वाट पाहत बसू नये. गाडी बंद करून इंजिन पुरते निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, त्या वाफेने अनेकांचे चेहरे आणि हात भाजले आहेत. लालबुंद इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेड तडकते. निवल्यावर मिळेल ते स्वच्छ पाणी कापडाने गाळून भरावे आणि गावी पोहोचताच ते सगळे काढून नीट भरावे. ५ लिटरचा एक कॅन सीटखाली असला तर ही वेळच येत नाही.

काढलेले जुने कूलंट कुठे टाकता, हेही पाहा. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे गोड चवीचे विष आहे. ते गॅरेजसमोरच्या नालीत सोडले तर शेळ्या, गुरे आणि कुत्री ते चाटतात. झाकणबंद कॅनमध्ये साठवून ते जळक्या तेलासोबत अधिकृत भंगारवाल्याकडे द्यावे, आणि तो कॅन पाण्याच्या कॅनपासून आणि मुलांपासून लांब ठेवावा.