टीव्ही बंद होता की कॅमेरा?

पोस्ट मोठी आहे. दोन्ही बाजूंचे लोक शिव्या घालणार हे माहीत आहे. घाला, पण पूर्ण वाचून घाला.

१३ मे २०२४, सोमवार. बारामती लोकसभेचं मतदान ७ मे रोजी उरकलं होतं आणि यंत्रं पुण्यात अन्न महामंडळाच्या गोदामात सील करून ठेवलेली होती. त्या सकाळी स्ट्राँगरूमचं चित्र दाखवणारा पडदा सुमारे ४५ मिनिटं काळा पडला. सुप्रिया सुळेंनी सोशल मीडियावर लिहिलं की हे संशयास्पद आहे, मोठा हलगर्जीपणा आहे. निवडणूक अधिकाऱ्यांचा खुलासा आला की विजेचं काम चालू असताना टीव्हीकडे जाणारी केबल थोडा वेळ काढली होती, कॅमेरे चालूच होते, चित्रीकरण सगळं सुरक्षित आहे. संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रात दोन तट पडले. एकाला लोकशाहीचा खून दिसत होता, दुसऱ्याला पराभवाची तयारी.

४ जूनला निकाल लागला. सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या आणि विषय मिटला. ज्यांनी खून पाहिला होता त्यांनी नंतर प्रेत कुठे गेलं हे विचारलं नाही. आम्ही पत्रकारांनीही नाही. उलट त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मथळा काय दिला? ‘स्ट्राँगरूमचे सीसीटीव्ही ४५ मिनिटे बंद’. मीही तीच बातमी शेअर केली. सीसीटीव्ही बंद होते हे मला कुणी सिद्ध करून दिलं होतं? पडदा काळा होता, एवढंच माहीत होतं. या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे मला आठवड्याभरात स्वतःच्या टेबलावर कळलं.

२० मे, नाशिक आणि दिंडोरीच्या मतदानाचा दिवस. रात्री दहा वाजता मी टक्केवारीचं पान लावत होतो. माझ्याकडे दोन स्क्रीन आहेत. एकावर आकडे, दुसऱ्यावर पान. दुसरा अचानक काळा. मध्ये एक चौकट इकडून तिकडे तरंगतेय, ‘नो सिग्नल’. एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, ‘कार्ड गेलं असेल साहेब, सहा-सात हजार धरून चाला.’ नाव घेत नाही, माणूस एरवी चांगला आहे.

मग शेजारच्या गल्लीतला एक पोरगा आला. संगणक दुरुस्ती करतो, वय असेल बावीस-तेवीस. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘काका, लाईट कुठला आहे, निळा का केशरी?’ म्हटलं, केशरी. ‘मग स्क्रीनला करंट आहे. मेलेला नाही, उपाशी आहे.’ मग त्याने स्क्रीनच्या मागचं बटण दाबून पाहिलं की तो योग्य जागेवरून चित्र मागतोय ना. म्हणजे केबल एचडीएमआयला आणि स्क्रीन व्हीजीएची वाट बघतोय, असं तर नाही? नव्हतं. मग केबलची दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवली. तरी काळाच. विंडोज आणि पी ही बटणं दाबून पाहिली, कारण कधी कधी केबल ठणठणीत असते आणि कुणीतरी चुकून संगणकाला ‘एकच पडदा दाखव’ असं सांगून ठेवलेलं असतं. तेही नव्हतं.

मग त्याने जे केलं ते मला पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकवायला हवं होतं. चांगल्या स्क्रीनची केबल काढली आणि बंद स्क्रीनला लावली. बंद स्क्रीन झटक्यात चालू! म्हणजे स्क्रीन निर्दोष. मग संशयित केबल त्याच चालणाऱ्या पोर्टमध्ये घातली आणि तिचं दुसरं टोक चांगल्या स्क्रीनला. आता चांगला स्क्रीन काळा. ‘बिघाड केबलबरोबर फिरतोय काका. कार्डाला काही झालेलं नाही.’ माझ्या खुर्चीचं चाक वर्षभर त्या केबलवरून जात होतं. नवी केबल अडीचशे रुपये, वेळ दहा मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड कुणाबरोबर जातो ते बघायचं, एवढीच विद्या.

आता हीच विद्या घेऊन स्ट्राँगरूमच्या दारात चला.

तिथली साखळी अशी असते. कॅमेरा. कॅमेऱ्यातून निघालेली तार. ती येते डीव्हीआर किंवा एनव्हीआर नावाच्या डब्यात, त्यात हार्डडिस्क असते, चित्रीकरण तिथे साठतं. त्या डब्यातून वेगळी केबल निघते आणि ती जाते बाहेर मांडवातल्या टीव्हीकडे, जिथे उमेदवारांची माणसं सतरंजीवर बसलेली असतात. टीव्ही लांब असला की साधी एचडीएमआय केबल पुरत नाही, पंधरा-वीस मीटरच्या पुढे ती दगा द्यायला लागते. मग मध्ये एक्स्टेंडर, स्प्लिटर असली छोटी यंत्रं येतात आणि प्रत्येकाचा स्वतंत्र चार्जर. त्यातला एक चार्जर कुणी मोबाइलसाठी उपटला तरी पडदा काळा. एचडीएमआयच्या पिनेला जुन्या व्हीजीएसारखे कसायचे स्क्रूही नसतात, पाय लागला की सुटते.

डब्याला टीव्ही जोडलेला असो वा नसो, चित्रीकरण चालू राहतं. म्हणून ‘टीव्हीची केबल काढली होती, कॅमेरे चालू होते’ हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे. मी तर म्हणेन बहुधा खराच असेल. ज्यांना यातही कारस्थानच बघायचं आहे त्यांना माझा नमस्कार.

पण शक्य असणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं, आणि माझं भांडण तिथे आहे. हे दाखवून देणं अवघड नाही. काळा पडदा आपल्याशी बोलतो. टीव्हीचा दिवाच गेला असेल तर वीज. अख्ख्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ असेल तर डब्यापर्यंत चित्र येतंय की नाही हे अजून कळलेलं नाही, फक्त टीव्हीपर्यंत पोचत नाही एवढं कळलं. दोष केबलीत, एक्स्टेंडरमध्ये किंवा खुद्द डब्यात. पण बाकी चौकटी चालू आहेत आणि एकच चौकट काळी, त्यावर ‘व्हिडिओ लॉस’, तर टीव्ही आणि डबा दोन्ही ठीक आहेत, दोष कॅमेऱ्याच्या बाजूला आहे, आणि ही बाब गंभीर आहे. कारण तिथलं चित्रीकरण खरोखरच झालेलं नाही. शिवाय डब्यात नोंदवही असते. तो कधी बंद झाला, कधी चालू झाला, कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कधी गेलं, हे त्यात वेळेसकट उमटतं.

म्हणजे १३ मेच्या दुपारी करायचं काय होतं? सगळ्या उमेदवारांचा एकेक प्रतिनिधी बोलवायचा. डब्याला दुसरा टीव्ही लावायचा. ते ४५ मिनिटांचं चित्रीकरण त्यांच्यासमोर चालवायचं, नोंदवही उघडून दाखवायची, सगळ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा करायचा आणि तो त्याच संध्याकाळी जाहीर करायचा. माझ्या गल्लीतल्या पोराला अर्धा तास पुरला असता. सुरक्षित आहे म्हणून सांगू नका, सुरक्षित असलेलं दाखवा.

आणि मांडवातला तो टीव्ही शोभेचा नसतो, हेही साहेब लोकांनी ध्यानात घ्यावं. स्ट्राँगरूमचं दार उमेदवाराच्या माणसांना थेट दिसेल अशी जागा द्यायची, ती शक्य नसेल तर सीसीटीव्हीच्या पडद्यावर दार दाखवायचं, असं निवडणूक आयोगाच्याच सूचनांमध्ये आहे. म्हणजे तो पडदा हाच त्या माणसाचा डोळा. ‘चित्रीकरण चालू होतं’ या उत्तराने आयोगाची हार्डडिस्क आंधळी नव्हती हे सिद्ध होईल, पण मांडवातला माणूस ४५ मिनिटं आंधळाच होता. त्याला आधी सांगून, दोन मिनिटं आत नेऊन दार आणि सील दाखवून मग केबल काढली असती तर एक ओरड झाली नसती. आपल्या अंबडच्या वखारीत त्या वर्षी यंत्रं २० मेपासून ४ जूनपर्यंत पंधरा दिवस होती. भर उन्हाळ्यात तो पडदा बघत बसणं काय असतं ते तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा.

‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांचा मला आता राग येतो. केबलही तांत्रिक, कॅमेराही तांत्रिक, मुद्दाम उपटलेला चार्जरही तांत्रिकच. रुग्णाने विचारलं काय झालंय, आणि डॉक्टर म्हणाले ‘आजार’. बरं, एवढं बोलून फाइल बंद.

सुप्रीम कोर्टाने ही पळवाट एका ठिकाणी बुजवली आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात, २ डिसेंबर २०२० रोजी, प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश दिला तेव्हा बिघाडाचाही विचार केला. कॅमेरे बंद पडले तर ठाणे अंमलदाराने जिल्हा देखरेख समितीला कळवायचं, आणि त्या बंद काळात कुणाला अटक झाली, कुणाची चौकशी झाली त्याची माहितीही पाठवायची. किती साधी गोष्ट आहे बघा. डोळा बंद होता तेव्हा खोलीत काय चाललं होतं, हे सांगायची जबाबदारी खोलीच्या मालकाची. पोलिस ठाण्याला हे लागू, मग मतपेटीला का नको?

उलट निवडणुकीत वारं दुसरीकडे वाहतंय. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक गोष्टी लोकांना तपासणीसाठी मागता येण्याचा रस्ता अरुंद केला. मे २०२५ मध्ये आयोगाने कळवलं की निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका झाली नाही तर चित्रीकरण नष्ट करता येईल. मतदाराच्या खासगीपणाचं कारण दिलं जातं, चित्रफितींचा गैरवापर होतो म्हणतात. मतदान केंद्राच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य मी मान्य करतो. पण कुलूपबंद दाराला कसला आलाय खासगीपणा? त्या दारासमोर मतदार नसतो, फक्त सील असतं.

आता म्हणाल, निवडणुका झाल्या, आज हे उकरून कशाला काढतोस? सिंहस्थासाठी.

२ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. नाशिकच्या नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे लागतील, मंत्री येऊन फोटो काढतील, आम्ही छापू. माझ्या पिढीच्या नाशिककराला २७ ऑगस्ट २००३ विसरता येत नाही. रामकुंडाजवळच्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. स्ट्राँगरूममध्ये पडदा ४५ मिनिटं काळा राहिला तर संशय वाढतो. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीचा पडदा काळा राहिला तर गर्दी तुंबलेली कुणाला दिसणार? आणि तिथे ४५ मिनिटं नसतात. त्या भिंतीसमोर बसलेल्या हवालदाराला ‘नो सिग्नल’ आणि ‘व्हिडिओ लॉस’ यातला फरक कळतो का? कळला तर फोन कुणाला करायचा, कंत्राटदाराचा माणूस रात्री तीन वाजता कुठे असतो, जास्तीच्या केबली कुठल्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे? कॅमेरे किती हजार लावणार हे प्रत्येक बैठकीनंतर सांगितलं जातं. बंद पडल्यावर काय, हे एकाही प्रेसनोटमध्ये मी अजून वाचलेलं नाही.

म्हणून उद्या माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. गेल्या वर्षभरात शहरातला कुठला कॅमेरा, कुठला पडदा किती वेळ बंद होता, दोष साखळीत कुठे सापडला, कुणी दुरुस्त केला आणि याची नोंदवही ठेवली जाते का, एवढंच विचारलंय. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांतच बसवावा लागतो, त्यामुळे माझ्यासारख्याला घाम फुटला, पण बसवलाय. दहा रुपयांचं तिकीट लावलंय. नियमाने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येईल ते जसंच्या तसं इथेच टाकतो, ‘तांत्रिक बिघाड’ असं आलं तरी.

इगतपुरी, सिन्नर, मालेगाव, येवला इथल्या मित्रांना आपापल्या गावासाठी अर्जाचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, लगेच पाठवतो.