जठराचा कर्करोग : दुर्बीण की मोठा छेद?

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो, 'डॉक्टरसाहेब, दुर्बिणीतून होईल ना?' पित्ताशयाचे खडे किंवा अपेंडिक्स दुर्बिणीतून काढून दोन-तीन दिवसांत घरी आलेली माणसे गल्लीगल्लीत आहेत. त्यामुळे मोठा छेद म्हणजे जुनाट काम अशी समजूत झाली आहे. या रोगापुरती तरी ती बाजूला ठेवावी.

फरक आहे तो पोटाच्या भिंतीवरच्या छेदात. आतले काम दोन्हीकडे एकच. जठराचा रोगट भाग, वेळप्रसंगी संपूर्ण जठर काढायचे, रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथी खरवडून काढायच्या आणि मग अन्नमार्ग पुन्हा जोडायचा. व्हिएन्नात बिलरोथ यांनी १८८१ साली असे ऑपरेशन प्रथम यशस्वी केले. ती रुग्ण ऑपरेशनमधून सावरली, पण रोग उलटून काही महिन्यांतच दगावली. दुर्बिणीच्या मदतीने हेच काम जपानमध्ये कितानो यांनी १९९१ मध्ये केले.

दोन्ही पद्धतींची तुलना पुढे पद्धतशीर झाली. कोरियात पहिल्या अवस्थेतील १४१६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातील ९४.२ टक्के आणि मोठ्या छेदाच्या गटातील ९३.३ टक्के रुग्ण हयात होते, म्हणजे बरोबरीच. जखमेच्या तक्रारी मात्र दुर्बिणीत कमी. वाढलेल्या रोगावर चीनमध्ये झालेल्या अभ्यासातही तीन वर्षांच्या निकालात फरक दिसला नाही. दुर्बीण कुचकामी आहे असे म्हणणाऱ्या जुन्या मंडळींनी हे आकडे पाहावेत.

पण हे निकाल कोणाच्या हातचे? निवडक, सराव झालेल्या सर्जनांचे, आणि ते अशा देशांत जिथे हा रोग फार आणि ऑपरेशने रोजची. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीची सरकारी सोय आहे, म्हणून रोग लवकर सापडतो. आपल्याकडे रुग्ण येतो तोच वजन घटून, उलट्या सुरू झाल्यावर. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. शिवाय लवकर घरी जाण्याचे आश्वासनही सगळीकडे खरे ठरलेले नाही. हॉलंडमधील २०२१ च्या अभ्यासात दोन्ही गटांचा मुक्काम सारखाच, साधारण सात दिवस निघाला. आणि एका अवयवाचा निकाल दुसऱ्याला लागू पडत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २०१८ मध्ये दुर्बिणीचे निकाल मोठ्या छेदापेक्षा वाईट आले, तेव्हा भलेभले चकित झाले होते.

तेव्हा नातेवाइकांनी प्रश्न बदलावा. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशने करता, हे सर्जनला निःसंकोच विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात किती लसिकाग्रंथी तपासल्या ते पाहा. पंधरा-सोळांहून कमी असतील तर रोग कुठवर गेला याचा अंदाज कच्चा राहतो. आधी केमोथेरपी द्यावी का, हेही विचारा. वाढलेल्या रोगात ऑपरेशनआधी आणि नंतर औषधे दिल्याने आयुष्य वाढते, आणि छेदाच्या लांबीपेक्षा त्याने पडणारा फरक कितीतरी मोठा आहे. दुर्बिणीचा एक उपयोग तर वादातीत आहे. रोग पोटाच्या आवरणावर पसरला आहे का, हे तिने आधीच पाहता येते आणि निरर्थक मोठे ऑपरेशन टळते.

सराईत सर्जन मिळत असेल आणि रोग लवकरचा असेल, तर दुर्बीण जरूर निवडा. तसा सर्जन मिळत नसेल, तर केवळ लहान छेदासाठी जमीन गहाण टाकून मोठ्या शहरात धावू नका. मोठ्या छेदाने नीट केलेले ऑपरेशन तितकेच भरवशाचे आहे. खर्च करायचाच तर आधी करा. पन्नाशीच्या पुढे नव्याने सुरू झालेली जळजळ, थोडे खाताच पोट भरणे, काळी शौच, कारणाशिवाय रक्त कमी होणे, यांपैकी काही असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने न काढता एन्डोस्कोपी करून घ्या. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते.